चित्राखाली लिहिलेल्या चार ओळी

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्या वर्षी 'कलादालन' उघडलं. दालन म्हणजे ग्रंथालयापुढचा व्हरांडा. वसतिगृहातल्या लोखंडी खाटा उभ्या केल्या, त्यांवर चादरी ताणल्या आणि टाचण्यांनी चित्रं लावली. प्राचार्यांचं फर्मान होतं की प्रत्येक चित्राखाली कार्ड हवं: नाव, वर्ग आणि चित्रामागची प्रेरणा. निम्म्या पोरांनी प्रेरणा म्हणून 'निसर्ग' लिहिलं, उरलेल्यांनी 'आई'. पोखर्णीचा नरसिंह काढणाऱ्यानं 'देवाची कृपा, दुसरं काय' असं लिहून दिलं. कापसाच्या फुटलेल्या बोंडांचं चित्र काढणारी मुलगी मला म्हणाली, "माझा पांढरा रंग उरला होता. तसं लिहू का?"

कार्डं माझ्याकडे आली, कारण मी पत्रकं लिहायचो. फीवाढीवर, मेसच्या डाळीवर, दुष्काळी कामावरच्या मुकादमांवर. सायक्लोस्टाइलच्या शाईनं माझी बोटं कायम काळी असायची आणि मला त्याचा माज होता.

माझ्या खोलीतला मित्र बोरीकडच्या एका खेड्यातला, बौद्ध कुटुंबातला. त्याचं चित्र सगळ्यांत मोठं होतं: दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांची रांग. सगळ्यांची तोंडं उघडी, उन्हानं रापलेली. शेवटून दुसरीनं मात्र पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. त्याचं कार्ड कोरंच होतं.

"ही कोण?" मी विचारलं.

"असू दे की."

"अरे, सांग तर."

त्यानं पेन्सिल तासायला घेतली. मग त्यानं सांगितलं. ती त्याच्याच गावातल्या मोठ्या घरची थोरली सून. दुष्काळात त्या घराची विहीर आटली, बैल विकले गेले, पण 'आमच्या घरची बाई खडी फोडत नाही' हा तोरा तसाच. म्हणून ही पहाटेच तोंड झाकून दोन कोसांवरच्या कामावर जायची. सासूला माहीत होतं, नवऱ्यालाही माहीत होतं. हजेरीला ती माझ्या मित्राच्या मावशीचं नाव सांगायची. ते नाव तिला त्याच्या आईनं दिलं होतं. आईही त्याच कामावर होती; दोघी शेजारी बसून खडी फोडायच्या, कामावर मिळणारी सुकडी एका फडक्यात घ्यायच्या, एका गाडग्यातलं पाणी प्यायच्या. गावात कुणाला कळणार नाही, असा आईनं तिला शब्द दिला होता.

"मला आईनं सांगितलं," तो म्हणाला. "तुला मी सांगायलोय. लिवू नको."

"नाव नाही लिहीत."

"काहीच लिवू नको."

मी लिहिलं. 'दुष्काळानं जातीची भिंत पाडली. मोठ्या घरची सून बौद्ध बाईच्या गाडग्यातलं पाणी प्याली. पोथ्यांना जे जमलं नाही ते भुकेनं केलं. हीच या चित्राची प्रेरणा.' सुनेचं नाव गाळलं, तेवढ्यावर मला वाटलं की मी मित्राचा शब्द पाळला. पण पत्रकात ठिकाण नसेल तर ते खोटं वाटतं, असं आम्हाला शिकवलेलं. सवयीनं मी त्याच्या नावापुढं गाव घातलं. त्या गावात मोठं घर एकच होतं.

चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. पाहुण्यांनी माइकवर आधी त्याचं नाव आणि गाव वाचलं, मग माझ्या चार ओळी. मंडपात त्या सुनेचा धाकटा दीर स्वयंसेवकाचा बिल्ला लावून उभा होता. तो आमच्याच कॉलेजात होता हे मला माहीत होतं. लिहिताना आठवलं नाही, एवढंच. गावाचं नाव ऐकून त्यानंच आधी शिट्टी मारली. ओळी संपल्या तेव्हा तो तिथं नव्हता. टाळ्या मात्र खूप पडल्या. त्या टाळ्या चित्राला नव्हत्या, माझ्या वाक्यांना होत्या, आणि मला ते आवडलं.

आठवड्याच्या आत तिला माहेरी नेऊन घातलं. खडी फोडली म्हणून नव्हे. त्याच मजुरीवर त्या घरात वर्षभर रेशनचा लाल मिलो शिजला होता. पाणी प्याली म्हणून. म्हणजे मजुरीनं घर बाटत नाही, पाण्यानं बाटतं. ही यांची अब्रू.

मित्रानं चित्र उतरवलं, गुंडाळलं आणि खाटेखाली सारलं. तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर मी वाद घातला असता. मेसमध्ये मी मीठ मागितलं की तो मीठ सरकवायचा. मी त्या घराविरुद्ध दोन पानी पत्रक लिहिलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं वाचलं नाही.

"आईनं सांगितलंय, त्याला घेऊन ये," एवढंच म्हणाला.

गावी त्याची आई दारात ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवता तिनं विचारलं, "लिवणारे तुमीच का?"

"हो, मावशी. चुकलं माझं. पण त्या घराला मी सोडणार नाही. पत्रक काढतो आणि..."

"पत्रक ऱ्हाऊ द्या. तिच्या माहेरी चला माझ्यासंगं. तिला वाटत आसंल, म्या गावभर केलं. तुमी तोंडानं सांगा, हिनं न्हाई, म्या लिवलं म्हणून. येवढंच काम हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं परभणीहून गाडीनं चुडाव्याला उतरलो. पुढं कोसभर पायी. वाटेत आई एकदाच बोलली.

"तितं भाषण करू नका. दोन शब्द बोलून गप ऱ्हाता येतं का तुमाला?"

"येतं."

"बगू," मित्र म्हणाला. आईचा निरोप सोडला तर पंधरा दिवसांत तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला.

ती अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होती. पदर डोक्यावर होता, तोंड उघडं. माझ्याच वयाची असेल. आईला पाहून तिनं काठी टेकवली. मी ठरल्याप्रमाणं बोललो: कार्डावर मीच लिहिलं, यांनी मला काहीही सांगितलं नव्हतं, यांचा दोष नाही. दोन शब्दांपेक्षा जास्त झाले असतील, पण भाषण केलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे बघितलंच नाही.

"अक्का," ती म्हणाली, "मग ह्यांना कुणी सांगितलं?"

मी मित्राकडे पाहिलं. मित्र आईकडे पाहत होता. एवढी वाट चाललो, पण हा प्रश्न येईल असं तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"म्या लेकाला सांगितलं व्हतं," आई म्हणाली. "लेक हाय म्हणून."

"हां."

एवढंच म्हणून तिनं काठी उचलली आणि पुन्हा शेंगा झोडपायला लागली. रागानं नाही. आधी जशी झोडपत होती तशीच. मला लाज वाटायला हवी होती, रडू यायला हवं होतं. काही आलं नाही. अजूनही येत नाही, म्हणून हे असं कोरडं लिहितो आहे.

कुणी बसा म्हणालं नाही. मग आई म्हणाली, "चला, गाडी हाय."

गाडीला अजून तीन तास होते.