इन्शिराह इस्त्रीवालीचं मत

इजिप्तमधल्या तांता शहरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी इन्शिराहचं इस्त्रीचं दुकान आहे. नवरा गेला तेव्हा तिची चाळिशी नुकतीच उलटली होती. दिरांनी सांगितलं, दुकान बंद कर, परक्या पुरुषांच्या विजारींना बाईमाणसाने इस्त्री करायची म्हणजे काय? ती म्हणाली, "विजारीत पुरुष असतो तेव्हा मी इस्त्री करत नाही." दुकान चालू राहिलं, त्याला आता बावीस वर्षं झाली. गल्ली आता तिला आदराने हज्जा म्हणते.

दुकानात फळीवर एक टीव्ही आहे. रमजानात प्रत्येक वाहिनी तीस-तीस भागांच्या मालिका सोडते. आदल्या रात्रीचे भाग दुपारी पुन्हा दाखवतात, ते इन्शिराह इस्त्री फिरवता फिरवता पाहते आणि मत देते. मी शाळेत भूगोल शिकवतो. खरं सांगायचं तर त्या महिन्यात मी एकेक सदरा वेगवेगळ्या दिवशी नेऊन देत असे, म्हणजे रोज तासभर तिथे बसता येई.

त्या वर्षी सगळा देश 'मीठगल्ली' नावाच्या मालिकेवर फिदा होता. नायक दहा वर्षांनी तुरुंगातून सुटतो आणि आईच्या गळ्यात पडतो, त्या भागाला आमची सगळी गल्ली रडली. इन्शिराहने इस्त्री उभी ठेवली.

"मास्तर, हा तुरुंगात होता की दुकानातल्या खोक्यात? छातीवर खोक्यातली घडी अजून तशीच आहे बघा. अन् आई म्हणे रात्रंदिवस पडून रडते, मग उशीचा अभ्रा असा परीटघडीचा कसा? मी कोणावर विश्वास ठेवू, तिच्या डोळ्यांवर की अभ्र्यावर?"

तिची भाची नेस्मा कॉलेजात शिकते. तिने हे सगळं मोबाइलवर टिपलं आणि लोकांत सोडून दिलं. दोन दिवसांत लाखोंनी पाहिलं. निम्मे हसले, निम्म्यांनी शिव्या घातल्या. कुणीतरी लिहिलं, 'बाई, तू इस्त्री कर, अक्कल शिकवू नकोस.' नेस्माने चाचरत वाचून दाखवलं.

"त्याला लिही," इन्शिराह म्हणाली, "इस्त्री करते म्हणूनच दिसतं."

ईदच्या तिसऱ्या दिवशी कैरोतल्या एका वाहिनीवर दुपारी चर्चा होती. तिला बोलावणं आलं. समोर 'मीठगल्ली'च्या दिग्दर्शिका लुबना सिदकी आणि एक मोठे समीक्षक बसणार होते.

"जाऊ नका, हज्जा," शेजारी 'फूल', म्हणजे वालासारख्या दाण्यांची उसळ, विकणारा अब्दुलशाफी कळवळून म्हणाला. "तुम्हाला बोलावतायत ते हसं करायला."

"तू रोज पहाटे उकडलेल्या शेंगदाण्यासारखं तोंड करून फूल विकतोस, तुला कोणी हसलं का? मग मला कोण हसेल?"

ती नेस्माला घेऊन सकाळच्या गाडीने गेली. आम्ही सगळे कॉफीखान्यात टीव्हीसमोर जमलो. पिठीसाखरेत घोळवलेल्या ईदच्या बिस्किटांचा डबा फिरत होता, पण कुणी हात लावेना.

समीक्षक बराच वेळ बोलले. मग हसत म्हणाले, "आता कपड्यांच्या घड्या मोजणाऱ्या प्रेक्षकांनाही ऐकू या."

इन्शिराह डोक्याला काळा रुमाल बांधून ताठ बसली होती. "साहेब, तुमचं मला अर्धंच कळलं. पण ते अर्धं चांगलं होतं."

कॉफीखान्यात पहिला हशा पिकला. लुबनाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी जरा दुखावल्या आवाजात विचारलं, "तीस भागांत तुम्हाला काहीच आवडलं नाही?"

"आवडलं की. सतरावा भाग." ती पुढे सरकली. "मुलगा बुडून गेलाय. म्हातारा बाप दोरीवरचा त्याचा सदरा काढतो, घडी घालतो. चुकते. पुन्हा घालतो, पुन्हा चुकते. शेवटी त्याचा बोळा करतो अन् काखेत धरतो. एक शब्द बोलत नाही. बाई, तो खरा आहे. त्याची बायको आधीच गेलीय, त्याने जन्मात कधी घडी घातलेली नाही, हे मला न सांगता कळलं." तिचा हात मांडीवरची चुणी सपाट करत होता. "मी रोज शंभर सदऱ्यांच्या घड्या घालते. माझा नवरा गेला त्या दिवशी त्याचा एक सदरा मला जमला नव्हता."

लुबनाबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. "तो प्रसंग कापा, असं मला तीनदा सांगण्यात आलं," त्या म्हणाल्या. "लांबतो म्हणाले. मी भांडून ठेवला. आजवर कुणी त्याच्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं."

तेवढ्यात फोन आला. म्हाताऱ्याचं काम केलेले फतहल्लाह होते. चाळीस वर्षं नाटकांत दरवान आणि हमाल झालेले.

"बाई," ते म्हणाले, "मी खरंच चुकत होतो हो. मला घडी येतच नाही. मग म्हटलं, चुकू दे."

"तेच तर म्हणतेय मी!" इन्शिराह जवळजवळ ओरडलीच. "शिकू नका आता!"

समीक्षकांनी खिशातून पेन काढून काहीतरी लिहून घेतलं. इकडे अब्दुलशाफी खुर्चीवर चढला, गॅलऱ्यांतून बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्या सुरू झाल्या, आणि बिस्किटांचा डबा दोन मिनिटांत रिकामा झाला.

संध्याकाळी सात वाजता ती स्टेशनवर उतरली तेव्हा अर्धी गल्ली फलाटावर होती. अब्दुलशाफीने तिला उचलायचा बेत केला होता. "हात लावशील तर बघ," ती म्हणाली. मग तो तिच्या पुढे पुढे, राणीची स्वारी यावी तसा रस्ता मोकळा करत चालला. ती ओठ घट्ट मिटून हसू आवरत होती. भाजीबाजाराच्या वळणावर ते तिला आवरलं नाही.

पुढच्या वर्षी लुबनाबाईंनी तिला नव्या मालिकेच्या कपड्यांसाठी बोलावलं. ती फक्त रविवारी जाई, कारण आमच्याकडे इस्त्रीवाल्यांची सुट्टी रविवारी; इतर दिवशी दुकान. कोरे कपडे धुऊन, उन्हात टाकून, कोपरांवर घासून ती त्यांना जगलेले करी. पहिल्या भागाच्या शेवटी तिचं नाव इतक्या झरझर सरकलं की कुणालाच वाचता आलं नाही. नेस्माने मोबाइलवर चित्र थांबवलं आणि आम्ही एकेक जण पुढे होऊन वाचलं: 'वेशभूषा साहाय्य, इन्शिराह अबू-झैद, तांता.'

"कशी वाटली मालिका, हज्जा?" मी विचारलं.

"कपडे उत्तम," ती म्हणाली. "गोष्ट मात्र दुसऱ्या भागातच ढिली पडणार, लिहून ठेवा."