व्याहीभेटीचं अत्तर

बाबांना जाऊन तीन महिने झाले. त्यांचे सदरे घडी करताना मी अजूनही खिसे उलटे करून झटकते. आमच्या घराला ते वळणच लागलं होतं.

सत्तरच्या दशकात बाबा तुमसरच्या एका बिडी कारखान्यात तंबाखूचं मिश्रण करायचे. कुठली तंबाखू किती घ्यायची, हे शेठजी आणि बाबा सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं, आईलासुद्धा नाही. बिडी भट्टीत शेकली की वास बदलतो. पण कच्च्या मिश्रणाची चिमूटभर भुकटी जाणकाराला सगळं प्रमाण ओळखायला पुरते. म्हणून बाबा कामाचे कपडे कारखान्यातच बदलत आणि निघताना खिसे झटकत.

अशात ताईला भंडाऱ्याचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, ताईच्या मनात भरलेला. पण त्याचे वडील तिथल्या दुसऱ्या बिडी कारखान्यात नेमकं बाबांचंच काम करत. शेठजी एवढंच म्हणाले, "सोयरीक खुशाल करा. पण आपलं मिश्रण त्या घरी पोचलं, तर दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नका."

लग्नाच्या दिवशी बाबांना एकच धास्ती होती, व्याहीभेटीची. भर मांडवात व्याह्याला मिठी मारायची, आणि त्या गृहस्थांच्या नाकाची ख्याती तर तुमसरपर्यंत पोचलेली. सकाळपासून बाबांनी तीनदा अंघोळ केली, कोरा सदरा घातला, तरी स्वतःचेच हात हुंगत बसले.

"वीस वर्साची तंबाखू साबणानं जाईन काय?"

"मंग अत्तर लावा नं," आई म्हणाली. "लोक तुमालेच नवरदेव समजतीन, अजून काय होते!"

बाबांनी अख्खी कुपी अंगावर रिती केली.

वाजंत्री वाजली. व्याही पुढे आले, मिठी पडली, आणि बाबांना सणसणीत शिंक आली. ती ओसरते न ओसरते तोच व्याह्यांनाही. त्यांच्या अंगाला बाबांच्या दुप्पट अत्तर!

"काय जी व्याहीबुवा, अत्तराच्या टाक्यात पडले होते काय?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या नाकाचं भेव वाटे जी," ते डोळे पुसत म्हणाले. "आमच्या शेठनं दम देल्ला होता."

"मलेही!"

दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून इतके हसले की भटजींना मंत्र थांबवावे लागले. मांडवात बसलेल्या आमच्या शेठजींनी नाकाला रुमाल लावला होता. पण त्यांचे खांदे हलत होते.

पुढे दोघांची घट्ट मैत्री झाली. भेटले की अंगणात खाटेवर तासन्‌तास बसत, धानापासून नातवापर्यंत सगळं बोलत, आणि ओढत मात्र तिसऱ्याच कारखान्याची बिडी.