आजोबांचा घेवडा

लेस्टरमध्ये आमच्या घरापासून दहा मिनिटांवर कौन्सिलच्या अलॉटमेंट्स आहेत, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्यानं मिळणारे जमिनीचे तुकडे. माझ्या तुकड्याला लागून एका आजोबांचा तुकडा आहे. निवृत्त बस ड्रायव्हर, वय ब्याऐंशी. इथल्या जुन्या माणसांसारखे ते सगळ्यांना लाडानं 'डक' म्हणतात. हॉस्पिटलात मी डॉक्टर आणि इथे बदक. खरं सांगायचं तर मला बदक असणंच जास्त आवडतं.

ऑक्टोबरात त्यांचं आवरणं बघत राहावं. मी कामाला भिडते ती चार वाफ्यांत एकाच वेळी, आणि तासाभरात कंबर धरून बसते. ते एकच वाफा घेतात. घेवड्याचे वेल जमिनीलगत कापतात, मुळं मात्र मातीतच ठेवतात. ती जमिनीला खाऊ घालतात म्हणे. काठ्या पुसून, सुतळीनं बांधून शेडमध्ये. मोकळ्या वाफ्यावर शेणखत, त्यावर पुठ्ठे. पार्सनिपला हात लावत नाहीत, कारण एक कडक थंडी खाल्ली की तो कंद गोड होतो. शेवटी फावडं, खुरपं घासून त्यांना तेलाचा हात. मी भूलतज्ज्ञ आहे, सर्जन लोकांचे हात रोज बघते. इतके शांत हात मी फार कमी पाहिलेत.

पण यंदाचं हे आवरणं शेवटचं होतं. गुडघ्यांनी दगा दिला. महिनाअखेर शेडची किल्ली परत करून ते मुलीकडे एडिनबराला जाणार होते, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

एका शनिवारी त्यांनी माझ्या हातात एक कागदी पिशवी ठेवली. "हे तुला. नीट सांभाळ." आत जांभळ्या रंगाचे, काळ्या ठिपक्यांचे टपोरे दाणे होते. मला अगदी भरून आलं. घरी आल्या आल्या मी ते भिजत घातले. रविवारी सकाळी कुकरमध्ये मऊ शिजवले, गोडा मसाला, गूळ, आमसूल घातलं, वरून ओलं खोबरं भुरभुरवलं. नवरा बोटं चाटत म्हणाला, "टॉप क्लास! आणखी मिळतायत का बघ."

दुपारी मी डबा घेऊन अलॉटमेंटवर गेले. आजोबा उलट्या बादलीवर बसून खाऊ लागले.

"सुरेख. कसले दाणे आहेत हे?"

"तुमचेच. काल दिलेत ते!"

चमचा थांबला. "सगळे?"

"सगळे," मी अभिमानानं सांगितलं.

त्यांनी डबा संपवला, पुसून स्वच्छ केला आणि मगच मला सांगितलं. ते बी होतं. त्यांच्या बायकोनं माहेरच्या बागेतून आणलेलं. ती गेल्यावरही ते दरवर्षी पेरत आणि दरवर्षी पुन्हा धरून ठेवत. फ्लॅटमध्ये पेरणार कुठे, म्हणून माझ्याकडे सोपवलं होतं. इथे या घेवड्याच्या हिरव्या शेंगा खातात आणि वाळलेला दाणा म्हणजे बीच. हे कुणाला सांगावं लागेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आणि माझ्या हातात कुणी वाळलेला दाणा ठेवला की मला फक्त उसळ दिसते.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी किती वेळा सॉरी म्हटलं कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, "पण उसळ खरंच छान होती." रागावले असते तर सोपं गेलं असतं.

मी नवऱ्याला फोन केला. "अगं, एवढं काय? सेम व्हरायटीचं नवं पॅकेट ऑर्डर कर ना," तो म्हणाला.

"त्यांची बायको मिळते का पॅकेटमध्ये?" असं म्हणून मी फोन ठेवला.

कापलेले वेल त्यांनी दोन आठवड्यांपूर्वी कंपोस्टच्या ढिगावर टाकले होते. एखादी शेंग नजरेतून सुटली असेल, या आशेवर मी बाह्या सारून ढिगात हात घातला. "कडेनं बघ. वरचं पावसानं कुजलं असेल," आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले. बहुतेक शेंगा काळ्या, बुळबुळीत निघाल्या, काहींतल्या दाण्यांना कोंब फुटून ते सडले होते. मिळेल तो दाणा मी त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते अंगठ्यानं चोळून बघायचे. हा नाही. हाही नाही. हा चालेल. त्यांच्या बायकोची शेवटची खूण मी संपवली होती, आणि ते मला चांगलं बी कसं ओळखायचं ते शिकवत होते. त्या माणसापुढे मला फार लहान वाटलं, आणि त्यांच्याजवळ बसायला मिळालं याचा आनंदही वाटला.

दोन तासांत सात दाणे चांगले निघाले.

"सात पुरेत," ते म्हणाले. "मे महिन्यात पेर. पहिल्या वर्षी एकही शेंग तोडू नकोस, सगळ्या वाळू दे."

मी त्यांतले तीन वेगळे काढून त्यांच्यापुढे धरले. "हे तुम्ही न्या. कुंडीत लावा. तुमच्या पत्नीची आठवण आहे, काहीतरी तुमच्याजवळ राहू दे."

मातीनं भरलेल्या हातांनी त्यांनी माझी मूठ मिटवली.

"राहू दे, डक. माझ्या वाटणीचे मी खाल्ले."