दोन बोटं माया

मला सर्टिफिकेट मिळालं. जाड कागदाचं, सोनेरी किनारीचं, आणि त्यावर माझं आडनाव चुकीचं. इथं बहारीनमध्ये, सखीरकडच्या एका मोठ्या हॉलमध्ये आम्हां पन्नास-साठ कामगारांना बसमधून नेलं होतं. शिवणारे, एसीवाले, गाड्या दुरुस्त करणारे, सगळे धुतलेल्या कपड्यांत, लग्नाला आल्यासारखे अवघडून बसलेले. ब्लेझर घातलेली एक बाई माइकवर दीड तास बोलली. इंग्रजीत बोलली, आणि मधूनमधून आमची दया येऊन हिंदीत. शिकणं कधी थांबत नाही, म्हणे. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या माणसाचं आयुष्य उभं राहतं, म्हणे. स्वतः कुणाच्या हाताखाली एक दिवस केर काढला असेल तर शपथ. मागच्या पडद्यावर चित्र होतं, पांढऱ्या केसांचा सुतार आणि त्याच्याकडे हसून बघणारी मुलगी. दोघांच्याही अंगावर भुशाचा कण नव्हता.

मी पहिल्या रांगेत होते. तुरपाई करायला आलेली बाई कटिंग मास्टर झाली, म्हणून मी त्यांना उदाहरणाला हवी होते. माझ्या शेजारी आमच्या दुकानातली दुसरी बाई. कणकवलीकडची, पस्तिशीची, नवरा गेलेला, तीन वर्षं माझ्या हाताखाली शिवते. तिचा व्हिसा दोन महिन्यांनी संपतोय. आदल्याच आठवड्यात आमच्या मॅडमनं, म्हणजे दुकानाच्या बहारीनी मालकिणीनं, मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "हिला कापता येतं का? येत असेल तर ठेवते. नुसतं शिवायला मला दोघी नकोत."

मी म्हटलं होतं, "अजून नाही, मॅडम."

हे दोन शब्द मला नवीन नाहीत. अकरा वर्षं मी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकले आहेत, आणि माझ्याच बाबतीत.

अठरा वर्षांपूर्वी मी बुसैतीनच्या या दुकानात आले तेव्हा कात्री मास्तरांच्या हातात होती. मास्तर चिपळूणकडचे, म्हणजे माझ्या दापोलीपासून काही फार लांबचे नव्हेत. मला वाटलं, चला, आपल्याकडचा माणूस आहे, चार गोष्टी शिकवील. डोंबल शिकवतोय! पहिल्या दिवशी त्यांनी मला एक सुई दिली, अबायांचा, म्हणजे बायकांच्या काळ्या झग्यांचा, ढीग दिला आणि सांगितलं, "बाई, तुरपाई करा. कात्रीला हात लावायचा नाही." गावाला मी आख्ख्या वाडीचे ब्लाउज बेतत होते हो! पण इथं मी आपली सुईवाली.

त्यांचं कापणं म्हणजे सोहळा होता. टेबल भिंतीला लावलेलं, हे भिंतीकडे तोंड करून उभे, आणि आमच्याकडे एवढी मोठी पाठ. कापून झालं की कापडावरची खडूची रेघ न रेघ ब्रशनं झटकून टाकायचे, आणि मगच तुकडे आमच्याकडे यायचे. खाकी कागदाचे साचे लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला. खजिनाच जणू! होते काय त्यात, तर बायकांचे गळे आणि बाह्या.

मी विचारून बघितलं नाही असं नाही. एकदा म्हटलं, "मास्तर, मुंढ्याचा गोल कसा काढता?" चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "हातानं." मोठा विनोद केल्यासारखे स्वतःच हसले. दर रमजानची गर्दी सरली की मॅडम त्यांना विचारायची, ही कापू शकेल का. आणि दर वर्षी ते मान हलवून सांगायचे, "अजून नाही. पुढच्या ईदला, इंशाल्ला." अशा किती ईदा आल्या आणि गेल्या.

मग मी चोरायला लागले. चोरीच ती, दुसरं नाव कशाला द्या. संध्याकाळी केर काढायचं काम माझं. टेबलाखाली पडलेली कात्रणं मी पिशवीत भरून खोलीवर न्यायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद असलं की फरशीवर मांडून जुळवत बसायची. मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडतात तिथलं, कात्रण चंद्रकोरीसारखं वाकडं असतं, गळ्याचं त्याहून खोल. चार-पाच तुकडे नीट जुळले की मधे जी रिकामी जागा उरते, तोच कापलेला कपडा. सैल करायला आलेले जुने कपडे मी उसवायची आणि ते तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून कडेनं पेन फिरवायची. खोलीतल्या बायका म्हणायच्या, हिला लागलं वेड. लागू दे म्हटलं. माझ्या गादीखाली वर्तमानपत्राचे एवढे गळे नि बाह्या जमल्या की झोपताना कुरकुर आवाज यायचा.

अकराव्या वर्षी मास्तरांना मोतीबिंदू झाला. सांगतील तर मास्तर कसले! डोळे बारीक करून कापत राहिले आणि एका अबायाला दोन्ही बाह्या डाव्या कापून ठेवल्या. गिऱ्हाइकानं दुकान डोक्यावर घेतलं. मॅडम म्हणाली, "मास्टर, खलास. घरी जा, डोळे नीट करा." आणि माझ्याकडे वळून आपल्या कामगारी भाषेत म्हणाली, "कटर मफी, दुकान मफी." कापणारं कुणी नसेल तर दुकान नाही. दुकान नाही तर माझा व्हिसा नाही. गावाला सासू अंथरुणाला खिळलेली आणि मुलगी दहावीला. मी म्हटलं, "मी कापते, मॅडम."

एअरपोर्टला निघताना मास्तरांनी करगोट्याची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. डोळे भरून आले होते, माझे. शेवटी माणसाला पाझर फुटला म्हणायचं. "सगळं कपाटात आहे, बाई," ते म्हणाले. "जपून कापा." मी वाकून त्यांच्या पाया पडले. मूर्ख बाई!

पहिलंच काम एका मुलीच्या साखरपुड्याचा जलाबिया, म्हणजे पायघोळ झगा. हिरवं रेशीम, तिच्या आईनं मोजून आणलेलं, वर वीतभर जादा नाही. मी मास्तरांचे खाकी साचे काढले, रेशमावर ठेवले, टाचण्या लावल्या, आणि कागदाच्या कडेकडेनं सर्रकन कात्री चालवली. अकरा वर्षांनी! कात्री सरळ गेली. शिवून मुलीला घातलं तर तिला हात वर करता येईना. पाठीत आवळ, छातीत आवळ, मुंढ्यात आवळ. सगळीकडून नेमका तेवढाच आवळ.

शिवणीच्या बाहेर जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आपल्यात माया म्हणतात. माया सोडल्याशिवाय कापणारा माणूस शिंपी नव्हेच, हे मला गावापासून ठाऊक होतं. पण माझ्या वर्तमानपत्रांत माया आपोआप आलेली होती, कारण ती उसवलेल्या तुकड्यांवरून काढलेली होती. मला वाटलं, साचा म्हटल्यावर त्यात माया धरलेलीच असणार. मास्तरांच्या कागदावर एक रेघसुद्धा मायेची नव्हती.

मी चिपळूणला फोन लावला. रडतच विचारलं, "मास्तर, साच्यात माया नाहीये!"

"माया कागदावर कोण ठेवतं, बाई?" ते म्हणाले. "ती माझ्या बोटांत होती. दोन बोटं." आणि हसले. खोटं सांगत नाही, हसले. फोन ठेवल्यावर मी त्यांना अशा शिव्या घातल्या की शेजारच्या, रोट्या भाजणाऱ्या खुबूसवाल्यानं भट्टी सोडून डोकावून बघितलं. ज्या माणसाला दुसऱ्याच्या अंगावरच्या कपड्यात माया सोडता आली, त्याला हाताखालच्या बाईसाठी दोन शब्द सोडता आले नाहीत.

झग्याच्या दोन्ही बाजू काखेपासून खालपर्यंत उसवून मी त्यात जरीच्या लेसची पट्टी घातली. दुसरं सुचलंच नाही. मुलीच्या आईला वाटलं, ही नवी फॅशन. तिनं तसलेच आणखी दोन शिवायला टाकले, आणि पुढची दोन वर्षं बुसैतीनच्या चार घरांत ती पट्टी मिरवत होती. मॅडमला मात्र सगळं कळलं होतं. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "यल्ला, चल, पुढचं काप." मी राहिले.

मास्तरांना फोन केला त्या दिवशी मी मोठ्यानं बोलले होते, की माझ्या हाताखाली कुणी आलं तर प्रत्येक साच्यावर माया लिहून ठेवीन. खुबूसवाला साक्षीला आहे.

तर त्या हॉलमध्ये ब्लेझरवाल्या बाईनं मला वर बोलावून विचारलं, तुम्ही कशा शिकलात? मी म्हटलं, "बघून." टाळ्या! काय बघून, कुणाची पाठ बघून, हे कुणी विचारलं नाही. मग तिनं माइक माझ्या हाताखालच्या बाईपुढे धरला. "आणि तुम्हाला तुमच्या उस्तादांनी काय शिकवलं?"

ती बिचारी उभी राहिली, पदर सावरला आणि हिंदीत म्हणाली, "ताई बहुत अच्छी है. सब कतरन मुझे घर ले जाने देती है."

हॉल हसला. ब्लेझरवालीला वाटलं, ही गोधड्या शिवत असेल. टाकाऊतून टिकाऊ, किती छान, म्हणाली. पुन्हा टाळ्या.

परतीच्या बसमध्ये मी तिला विचारलं, "त्या कात्रणांचं काय करतेस गो तू?"

"जुळवते, ताई."

"आणि?"

"मुंढा जुळतो. गळापण येतो आता." ती खिडकीतून बाहेर बघत होती. "पण तुमची माया काही कळत नाही. कागद कुठं संपतो नि माया कुठून धरता, ते कात्रणावरून दिसत नाही ना."

ती अगदी साधेपणानं बोलली. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नाही, नाहीतर मला बरं वाटलं असतं. मनात म्हटलं, मी काही मास्तर नाही. मी हिच्यावर ओरडत नाही, चहा पाजते, कात्रणं नेऊ देते. वा वा! कात्रणं नेऊ देते! कपाट तेच, कुलूप तेच, फक्त किल्ली करगोट्याऐवजी माझ्या पर्समध्ये. टेबलसुद्धा मी भिंतीपासून हलवलेलं नाही. आणि ते का, तेही मला चांगलं माहीत आहे. माझी बोटं सुजतात हल्ली, तासभर कात्री धरली की ठणकतात. हिला कापता आलं तर मॅडमला माझी गरज काय? अकरा वर्षं ज्या माणसाला शिव्या घातल्या, त्याची भीती मला आता समजली. समजली म्हणून तो चांगला ठरत नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्याबरोबर मी कपाटातले सगळे साचे टेबलावर ओतले. लाल पेन घेतलं आणि एकेका कागदाच्या कडेनं लिहीत सुटले, माया दोन बोटं, माया दोन बोटं. ती मशीन थांबवून बघत होती.

"ये इकडे," मी म्हटलं. "वाच."

तिनं वाचलं. मग हळूच म्हणाली, "ताई, दोन बोटं कुणाची? तुमची की माझी?"

एवढा सरळ प्रश्न सात वर्षांत माझ्या डोक्यात आला नाही. तिचा हात ओढून माझ्या हाताशेजारी ठेवला आणि इंचपट्टी लावली. तिची दोन बोटं सव्वा इंच. माझी, सुजलेली, पावणेदोन. मास्तरांची किती होती कोण जाणे. म्हणजे इतकी वर्षं मी जिला त्यांची माया समजत होते, ती माझ्या सुजेबरोबर वाढत चालली होती, आणि त्यामुळेच तिला कात्रणावरून ती सापडत नव्हती. हात्तिच्या! मी सगळं खोडलं आणि प्रत्येक कागदावर इंचात लिहिलं.

"आता काप."

"कापडावर?" ती घाबरली.

कापड कशाला, मी पर्समधून सर्टिफिकेट काढलं. कागद खरोखर चांगला जाड होता, गळ्याच्या साच्यासाठी असाच लागतो. उलटं करून तिच्यापुढे ठेवलं. टेबल दोघींनी मिळून भिंतीपासून ओढून मधे आणलं. तिनं गळ्याचा साचा ठेवला, पट्टीनं माया मोजली, रेघ मारली आणि कात्री घेतली. सोनेरी किनार कापताना जरा अडली, मग गेली. गळा छान गोल आला. माझ्या पहिल्या गळ्याहून छान, हे मी तिला सांगितलं नाही, इथं सांगते.

अकराला मॅडम आली. टेबल मधे बघून तिच्या भुवया वर गेल्या. मी आपणहूनच म्हटलं, "येतं हिला कापता. व्हिसाचं बघा."

कात्रणं फरशीवर पडली होती. एका तुकड्यावर माझं चुकीचं आडनाव होतं. ती सवयीनं पिशवी घेऊन वाकली.

"राहू दे," मी म्हटलं. "केर मी काढते."