आतोबांनी इंग्रजीत उतरवलेलं पेव

माझ्या आतोबांइतका खरं बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आणि खरं बोलून इतक्या जणांच्या छातीत धडकी भरवणाराही दुसरा पाहिला नाही. आत्याचे हे यजमान साताऱ्याचे, लष्कराच्या रसद खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मिशा तिथल्याच आणि इंग्रजीही तिथलंच. सत्तर-बाहत्तरच्या सुमारास मी सांगलीला हळदीच्या पेढीवर कारकून होतो. आमचे शेठ पहिल्यांदाच परदेशी माल पाठवायला निघाले, तेव्हा कागदपत्रांचं इंग्रजी करायला आतोबा आले.

न बघितलेल्या गोष्टीचं भाषांतर करायचं नाही, हा त्यांचा नेम. 'तोलाई' शब्द आला तर हे स्वतःच काट्यावर चढून बसले! 'हुंडेकरी' म्हणजे भाडं ठरवून माल पोचवणारा, एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं. पण आतोबा त्याच्या ट्रकमधून थेट मुंबईच्या गोदीपर्यंत जाऊन आले आणि मग पाऊण पान लिहिलं. ड्रायव्हर कराडच्या पुढं डुलक्या घेतो, हेही त्यात होतं. मी वाचून हबकलोच. "अहो आतोबा, हे कशाला?" तर म्हणाले, "मग? माल त्येंचा हाय. त्येस्नी कळाय नगं व्हय?"

पण खरा हादरा पुढंच होता. माल साठवता कुठं, असं तिकडच्या व्यापाऱ्यानं विचारलं. आमची हळद पेवात राहते, म्हणजे हरिपूरच्या मातीत खोल खणलेल्या खड्ड्यात. पेव उघडलं की कोंडलेली हवा जाईपर्यंत कुणी उतरत नाही. आधी कंदील सोडून बघतात. तो विझला तर माणूसही गेलाच. आम्ही नको नको म्हणत असताना आतोबा धोतर खोचून दोराला धरून उतरलेसुद्धा! वर आले ते पिवळेधमक आणि तसेच लिहायला बसले. लिहिलंही सविस्तर: हा माल जमिनीत पुरलेला असतो, आणि तो काढायला उतरणारा माणूस मरणार तर नाही ना, हे आधी दिव्यावर बघतात.

तिकडून तार आली. पुरलेलं काही आम्हाला नको. इकडे माल गोदीत जाऊन पडलेला आणि त्यात शेठचं सगळं घर अडकलेलं. शेठ तार घेऊन आतोबांकडे धावले.

"हवालदार, पाया पडतो. आधी लिहिलं ते चुकलं, माल गोदामात असतो, एवढंच लिहा."

"चुकलं?" आतोबा कडाडले. "जितं दिवा इझतुया तितं गडी उतरतुया, शेट. त्येला गोदाम कसं म्हनू?"

कंदील सोडणारा हमाल दारातच उभा होता. तो हळूच म्हणाला, "लिवा की आवं. माल गेला न्हाई तर आमी उतरायचं कुटं?"

आतोबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी कागद ओढला आणि माल गोदामात असतो, असं एका ओळीत लिहून टाकलं. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

माल गेला, शेठ सावरले. आतोबा मात्र साताऱ्याला गेले ते पुन्हा इंग्रजीच्या वाटेला गेले नाहीत. मी तिकडे गेलो की मुद्दाम काहीतरी दाखवून विचारायचो, "आतोबा, याला इंग्रजीत काय म्हणायचं हो?"

"तूच सांग की रं," ते म्हणायचे, "तुमच्यात जे चालतंय ते."

मला फार वाईट वाटायचं.