काठ्यांवरचे डेस्मंड अंकल

डेस्मंड अंकल पडले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांना वाटलं, खेळाचाच भाग आहे.

आज पहाटे अंकल गेले.

मँचेस्टरमधले आमचे खालच्या फ्लॅटमधले शेजारी. मूळचे त्रिनिदादचे, रिटायर्ड बस ड्रायव्हर. दर ऑगस्टला कार्निव्हलमध्ये पायांना उंच काठ्या बांधून ‘मोको जम्बी’ व्हायचे.

नागपूरहून आम्ही नवीन आलो होतो तेव्हाची गोष्ट. मी चहा टाकत होते, आणि पहिल्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीबाहेरून एक पांढरा मुखवटा सरकत गेला.

मी किंचाळले.

“सॉरी डार्लिंग! प्रॅक्टिस चाललीय!”

नंतर त्यांनीच समजावलं. मोको हा पश्चिम आफ्रिकेतला गावाचा राखणदार. “आमच्या माणसांना साखळ्या घालून जहाजातून नेलं ना, तेव्हा हा मागोमाग समुद्रातून चालत आला. उंच आहे, म्हणून वाईट काही येत असेल तर त्याला आधी दिसतं.”

यंदा माझी सात वर्षांची मुक्ता कार्निव्हलच्या ट्रकवर नाचणार होती.

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. काठ्यांचे पट्टे आवळताना अंकल दोनदा थांबून दम घेत होते.

“अंकल, यंदा राहू द्या ना.”

“आज तर जायलाच हवं.”

का, ते सांगितलं नाही.

वळणावर ते अचानक थांबले. मान वळवून मुलांच्या ट्रककडे बघत राहिले. ड्रम्स चालूच होते.

मग ओरडले, “मुलांना उतरवा! नाऊ!”

खालून आम्हाला काहीच दिसत नव्हतं. स्पीकर्सच्या मागे जनरेटर धुमसत होता, तो फक्त त्यांनाच दिसला.

आम्ही धावलो. मुलं भराभर खाली घेतली. मुक्ता शेवटची.

तिचे पाय जमिनीला लागले आणि ट्रकवरच्या कापडाने पेट घेतला.

गर्दी घाबरून मागे रेटली गेली, थेट अंकलच्या काठ्यांवर.

लांबच्या लोकांना आग दिसलीच नाही. त्या टाळ्या त्यांच्या.

“आई, अंकल पडले!” मुक्ता रडत होती.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग न्यूमोनिया.

वॉर्डमध्ये ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यांनी विचारलं, “सगळी उतरली?”

“सगळी.”

“गुड. पुढच्या वर्षी काठ्या तू बांध.”

मी हसले.

ते हसले नाहीत.

आज दुपारी त्यांची मुलगी मार्शा काठ्या आमच्या दाराशी ठेवून गेली. त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं म्हणे.

अजून आत घेतल्या नाहीत. हात लावायची भीती वाटते.

अंकल, माझी लेक आत्ता शेजारच्या खोलीत झोपलीये.

तुमच्यामुळे.

आता तुम्हीही निवांत झोपा.

जय भीम, अंकल.