रोलचं शेपूट

लग्नाचे फोटो काढून झाले तरी रोलमध्ये एखादा फोटो उरायचाच. रोल संपवल्याशिवाय धुवायचा कसा? मग फोटोवाले काका घरी येऊन तो काकूंवर उडवत. काकू कधी भांडी घासताना सापडत, कधी शिंकता शिंकता. "जगाच्या नवऱ्या नटवून काढता आणि माझ्या वाट्याला रोलचं शेपूट!" असं करवादत.

निगेटिव्ह गिऱ्हाइकाला देऊन टाकायची काकांची पद्धत. त्यामुळे काकू गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बायको गावभरच्या कपाटांत आहे, फक्त आपल्या घरात नाही. तेव्हापासून ते जुन्या गिऱ्हाइकांची दारं ठोठावत हिंडतात. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला चळ लागला.

परवा एका जुन्या नवरीनं, म्हणजे आताच्या आजीबाईंनी, निगेटिव्हचं पाकीट शोधून दिलं.

"काका, आमच्या लग्नात ही रागावलेली कोण हो? सासूबाई मला विचारायच्या, 'ही तुमच्याकडची का गं?'"

"आमच्याकडची," काका म्हणाले आणि त्यांनी पट्टी खिडकीशी धरली.

निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं. कंबरेवर हात ठेवून, डोळे वटारून काकू उभ्या होत्या आणि त्यांचे केस पांढरेशुभ्र होते. एकही केस पिकायच्या आत गेलेली बायको काका पहिल्यांदाच म्हातारी बघत होते.

"आता प्रिंट काढणार ना?" आजीबाईंनी विचारलं.

"राहू दे," काका म्हणाले. "आत्ता कुठं माझ्या वयाची झालीय."